टाक्यांचे दुखणे कोणी मोजायचे?

पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पहिल्या रात्री कण्हू लागला, की वॉर्डात त्याला एक ठरलेले उत्तर मिळते : ‘पोट उघडलंय, दुखणारच. उद्या बरं वाटेल.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ऐकणाऱ्यालाही ते पटते, कारण दुखणे हा शस्त्रक्रियेचा भागच आहे असे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. बाळंतीण असेल तर घरातल्या जुन्या बायकाही तेच सांगतात आणि ती दात-ओठ खाऊन रात्र काढते. सकाळी राऊंडच्या वेळी डॉक्टर विचारतात, ‘कसं वाटतंय?’ ती म्हणते, ‘बरं आहे.’ केसपेपरवर तेवढेच उतरते. रात्रभर काय झाले, याची नोंद कुठेच राहत नाही.

हे दुखणे निम्म्याहून कमी करता येते, निदान पहिल्या दिवसाचे तरी, असे आज भूलशास्त्र सांगू शकते. त्यासाठी लागणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. सुई साधी आहे. सुई नेमकी कुठे गेली हे दाखवणारे सोनोग्राफी यंत्र मात्र महाग आहे आणि महाराष्ट्रात ते कायद्याच्या कडक पहाऱ्यात आहे. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात या तीन गोष्टी रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र कशा आणायच्या, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच व्यवस्थेचा आहे.

आधी दुखण्याचा हिशेब पाहू. पोटावर चीर असलेला माणूस खोल श्वास घेत नाही, कारण श्वासागणिक टाके ओढले जातात. खोकला आला तरी तो दाबतो. मग कफ छातीत साठतो, फुप्फुसाचा खालचा भाग आकसतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. तो उठून चालत नाही, त्यामुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सिझेरियन झालेल्या बाईला कुशीवर वळता येत नाही, बाळाला छातीशी धरता येत नाही आणि पहिले दूध लांबते. पहिल्या दिवसांत वेदना फार तीव्र राहिली तर काहींच्या बाबतीत ती महिनोन्महिने रेंगाळते, हेही आता वैद्यकाला ठाऊक आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी रेंगाळणाऱ्या दुखण्याचा अर्थ सरळ असतो : मोळी उचलता आली नाही, तर मजुरी बुडाली.

या दुखण्यावर सध्या काय मिळते? बहुतेक ठिकाणी डायक्लोफिनॅक, ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल. ही औषधे चांगली आहेत, पण अनेकदा ती घड्याळाच्या ठोक्याला न देता रुग्णाने मागितल्यावर दिली जातात, आणि आपल्याकडचा रुग्ण मागतच नाही. डायक्लोफिनॅक मूत्रपिंड अधू असलेल्यांना आणि पोटात व्रण असलेल्यांना जपूनच द्यावे लागते. ट्रामाडॉलने मळमळते, आणि टाके ताजे असताना उलटीचा उबळ काय करतो हे ज्याने भोगले त्यालाच कळते. उरते मॉर्फिन. जगभर मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर त्याचा आधार घेतला जातो. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवाने, नोंदवह्या आणि कारवाईची भीती यांमुळे आपल्याकडच्या लहान रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी मोडलेली सवय परत आलेली नाही. तालुक्याच्या गावातल्या शस्त्रक्रियागृहात मॉर्फिनची कुपी आजही सहसा दिसत नाही.

नसा बधिर करण्याच्या उपायाचे, म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’चे, महत्त्व इथे आहे. पोटाच्या भिंतीची संवेदना मणक्याच्या छातीकडच्या खालच्या भागातून आणि कमरेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या नसा वाहून नेतात. बरगड्यांखालून पुढे येताना या नसा पोटाच्या बाजूच्या तीन स्नायूंपैकी मधला आणि सर्वांत आतला यांच्या फटीतून जातात. या फटीत औषध सोडले तर ते पसरते आणि तिथून जाणाऱ्या नसा काही तास मुक्या होतात. चीर तशीच असते, टाके तसेच असतात, पण त्यांची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. आतल्या स्नायूच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून याला ‘टॅप ब्लॉक’ म्हणतात.

ही कल्पना एका रात्रीत आली नाही. व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले आणि शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करण्याचे युग सुरू झाले. १८९८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट बियर यांनी पाठीच्या कण्यातून भूल दिली. आज सिझेरियनसाठी कमरेत दिले जाणारे इंजेक्शन त्याच परंपरेतले. पोटाच्या स्नायूंमधल्या फटीत औषध सोडण्याची पद्धत मात्र अगदी अलीकडची आहे. ए. एन. रफी यांनी ती २००१ मध्ये मांडली. कमरेच्या वरच्या एका त्रिकोणी जागेतून सुई आत घालायची, स्नायूच्या पडद्यातून ती पार होताना हाताला जाणवणाऱ्या हलक्या ‘टक’वरून जागा ओळखायची आणि औषध सोडायचे, अशी ती रीत होती.

२००७ मध्ये आयर्लंडमधील मॅक्डॉनल आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या ३२ रुग्णांवर या पद्धतीची चाचणी घेतली. ब्लॉक मिळालेल्यांना पहिल्या २४ तासांत सरासरी २२ मिलिग्रॅमच्या आसपास मॉर्फिन लागले, न मिळालेल्यांना सुमारे ८० मिलिग्रॅम. चाचणी लहान होती, पण फरक एवढा मोठा होता की जगभरच्या भूलतज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले.

मात्र ‘टक’वर विसंबण्यात धोका होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी हाताच्या अंदाजाने सुई घातली आणि ती खरोखर कुठे पोचली हे दुसऱ्याने सोनोग्राफीवर पाहिले. ७२ पैकी केवळ १७ वेळा औषध योग्य फटीत होते. १३ वेळा तर सुईचे टोक पोटाच्या पोकळीत शिरलेले आढळले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. अंधारात सुई घालण्याचे दिवस संपले, हे त्या आकड्यांनी सांगितले.

डोळस मार्ग तोवर तयार होता. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ब्लॉकसाठी वापरल्या जाणाऱ्या सोनोग्राफीच्या प्रोबमधून सेकंदाला साधारण एक कोटी कंपनांचा ध्वनी निघतो आणि ऊतींवर आपटून परत येतो. त्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते : तीन स्नायूंचे काळपट पट्टे, त्यांच्या मधल्या उजळ रेघा, खाली श्वासागणिक सरकणारे आतडे आणि तिरकी शिरणारी चकचकीत सुई. टोक योग्य रेघेवर आले की भूलतज्ज्ञ थोडे औषध सोडतो. दोन पट्टे एकमेकांपासून अलग होतात आणि मध्ये होडीच्या आकाराची काळी पोकळी उघडते. ती दिसली की जागा बरोबर. सरावलेल्या हाताला दोन्ही बाजू मिळून दहा-पंधरा मिनिटे पुरतात. परिणाम साधारण ८ ते १२ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. म्हणजे सर्वांत वाईट ती पहिली रात्र निभावते.

याच वाटेवर पुढे आणखी ब्लॉक आले. काहींत औषध पाठीकडच्या स्नायूजवळ सोडतात. २०१६ मध्ये कॅनडातून मणक्यालगतच्या उभ्या स्नायूखालचा ब्लॉक मांडला गेला. देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी यांचीच तुलना करताना दिसतात : हा ब्लॉक की तो, हे औषध की ते.

एवढे वाचून हा रामबाण आहे असे कुणी समजू नये. टॅप ब्लॉक पोटाच्या भिंतीचे दुखणे थांबवतो. आतल्या अवयवांची कळ, गर्भाशय आकसताना येणारा पेटका, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांद्यात उठणारी चमक यांवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीची औषधे सुरू ठेवावीच लागतात. दुर्बिणीच्या लहान शस्त्रक्रियांत सर्जनने छिद्रांच्या कडेला बधिरतेचे औषध टोचले, तरी बऱ्याचदा तेवढाच आराम मिळतो. सिझेरियनच्या वेळी कमरेतल्या इंजेक्शनमध्ये थोडे मॉर्फिन मिसळलेले असेल, तर टॅप ब्लॉकने वेगळी भर फारशी पडत नाही, असे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे.

या शेवटच्या निष्कर्षाचा अर्थ नीट लावायला हवा. श्रीमंत देशांतील अभ्यासात ब्लॉकचा फायदा लहान दिसतो, कारण तिथल्या रुग्णाला मॉर्फिन आधीच मिळालेले असते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते नसते. तिथे तुलना डायक्लोफिनॅकच्या एका इंजेक्शनशी आणि ‘दुखणारच’ या उत्तराशी आहे. अशा ठिकाणी त्याच ब्लॉकचे मोल कितीतरी वाढते. जिथे साधने कमी तिथे हा उपाय अधिक उपयोगाचा, आणि नेमका तिथेच तो पोचलेला नाही, ही यातली मेख आहे.

अमेरिकेचा अनुभवही इथे आठवावा. वेदना मोजण्याचा आग्रह तिथे गेल्या शतकाच्या शेवटी सुरू झाला, तो योग्यच होता. पण मोजलेल्या वेदनेला उत्तर म्हणून अफूवर्गीय गोळ्यांची खिरापत वाटली गेली आणि लाखो घरे व्यसनात बुडाली. वेदनेची दखल घेणे आणि ती घेताना अफूवर्गीय औषधांवरचा भार कमी ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या तर नसांचा ब्लॉक हे हाताशी असलेले चांगले साधन आहे.

आता जिल्ह्याकडे वळू. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा हा जिल्हा. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरे आहे. भूलशास्त्राचे शिक्षण, यंत्रे, शिकवणारे हात या ठिकाणी आहेत. पण अकोल्याच्या डोंगरी पट्ट्यातली किंवा कर्जत-जामखेडकडची बाई सिझेरियनसाठी तिथवर येतेच असे नाही. ती ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे भूलतज्ज्ञ पूर्णवेळ क्वचितच असतो. त्याला फोन जातो, तो बॅग घेऊन येतो, भूल देतो आणि पुढच्या दवाखान्याकडे निघतो. शस्त्रक्रिया संपली की दुखण्याची रात्र सुरू होते, तेव्हा तो दुसऱ्याच गावात असतो.

त्याने सोनोग्राफीचे लहान यंत्र बॅगेत घालून का नेऊ नये? कायदा नेऊ देत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. गर्भातल्या मुलींची हत्या रोखण्यासाठी देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. गाडीच्या डिकीतून फिरणारे यंत्र हे त्या पापाचे हत्यार होते. म्हणून २०१२ च्या सुधारित नियमांनी सुटसुटीत यंत्रांवर बंधन घातले : नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी ते वापरायचे, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने एका जिल्ह्यात किती केंद्रांवर काम करायचे, यालाही मर्यादा आली.

हे नियम सैल करा, अशी मागणी कुणी करू नये. ब्लॉकसाठी लागणारा सपाट प्रोब काही सेंटिमीटर खोलीपुरताच चांगला, त्यावर गर्भ पाहणे अवघड, असा युक्तिवाद काही वेळा होतो. त्यात तथ्य असले तरी एकाच यंत्राला दुसरा प्रोब जोडायला कितीसा वेळ लागतो? मुली वाचवणाऱ्या कायद्याला भोक पाडून आयांचे दुखणे कमी करण्याचा सौदा कुणालाच नको आहे. आणि त्याची गरजही नाही. यंत्र फिरवायचे नाही, तर ते शस्त्रक्रियागृहात बसवा. नियमांना जागा नोंदलेली हवी, रुग्ण दाखल असलेला हवा. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दाखलच असतो. फिरायचे ते भूलतज्ज्ञाने, यंत्राने नव्हे. राहिला भूलतज्ज्ञाने किती रुग्णालयांत यंत्राला हात लावायचा हा प्रश्न. तिथे नियमाचा अर्थ संदिग्ध राहिला की भीतीपोटी यंत्र झाकूनच ठेवले जाते. गर्भाशी संबंध नसलेल्या, नोंदवहीत लिहिलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ब्लॉकसाठी लेखी, स्पष्ट सूचना निघायला हवी. राज्यात या कायद्याची जिल्ह्यातली अंमलबजावणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते आणि जिल्हा रुग्णालयाची धुराही त्यांच्याकडेच. दोन्ही किल्ल्या एकाच हातात आहेत.

यंत्र आल्याने सारे होत नाही. सुरक्षिततेची तयारी आधी हवी. टॅप ब्लॉकसाठी साधारणपणे पाव टक्का तीव्रतेचे ब्युपिव्हाकेन प्रत्येक बाजूला २० मिलिलिटर सोडतात. दोन्ही बाजूंचे मिळून १०० मिलिग्रॅम होतात. वजनाच्या दर किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम ही या औषधाची रूढ मर्यादा. म्हणजे ४० किलो वजनाच्या बाईला ८० ते १०० मिलिग्रॅम. जिल्ह्यातल्या ग्रामीण बायकांत चाळीस-पंचेचाळीस किलोच्या कितीतरी आहेत. पुस्तकातले प्रमाण तसेच्या तसे उचलले तर त्यांच्या बाबतीत ते थेट मर्यादेवर जाऊन पोचते. त्यात सर्जननेही जखमेत तेच औषध टोचले असेल तर ओलांडते. औषध रक्तात जास्त गेले की ओठ बधिर होतात, कानात आवाज येतात, झटके येतात, हृदय थांबूही शकते. म्हणून औषध वजनावर मोजून, गरज पडल्यास पातळ करून द्यायचे आणि त्यावरचा उतारा, म्हणजे शिरेतून देण्याचे २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण, शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात ठेवायचे. ते नसेल तिथे ब्लॉक सुरूच करू नये.

यंत्र येईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचेही कारण नाही. टाके घालण्यापूर्वी सर्जनने जखमेच्या कडांत बधिरतेचे औषध टोचणे, ही सर्वांत स्वस्त सुरुवात आहे. त्याला ना यंत्र लागते ना नोंदणी. पॅरासिटामॉल मागण्यावर न सोडता ठरावीक वेळेला देणे, ही दुसरी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सुरुवात मोजण्याची. ताप, नाडी, रक्तदाब ज्या तक्त्यावर लिहितात, त्यावरच आणखी एक रकाना : शून्य ते दहा या मापात दुखणे किती, स्वस्थ पडल्यावर किती आणि खोकल्यावर किती. आकड्यात सांगता येत नसेल त्याने ‘थोडे, बरेच, असह्य’ यातले एक सांगावे. असह्य वेदना सांगितल्यावर काय करायचे, हेही त्याच तक्त्यावर छापलेले असावे. नाहीतर रकाना भरेल आणि रात्र तशीच जाईल.

हे काम परिचारिकांचे आहे आणि त्या ते उत्तम करू शकतात. विश्वास टाकून शिकवले तर साधी माणसे किती पुढे जातात, याचा दाखला याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. नाडी पाहणे, बाळंतपण सांभाळणे, बाळाचे वजन मोजून नोंदवणे त्या शिकल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुई भूलतज्ज्ञाच्याच हातात राहील. पण ‘किती दुखतंय?’ हा प्रश्न विचारायला आणि उत्तर लिहून ठेवायला एमडीची पदवी लागत नाही.

पैशाचाही विचार करावा लागेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेला एकगठ्ठा दर मिळतो. भूल, औषधे, खाट सगळे त्यातच. वेदना कमी केली म्हणून रुग्णालयाला वेगळे काही मिळत नाही आणि केली नाही म्हणून कापलेही जात नाही. योजनेच्या तपासणीत ‘पहिल्या रात्री वेदना नोंदली का’ एवढे एकच कलम घातले, तरी कितीतरी वॉर्डांतला तो रकाना भरू लागेल. लोणी आणि विळद घाटातल्या महाविद्यालयांना तालुक्यांतल्या भूलतज्ज्ञांसाठी ठरावीक दिवशी हात बसवण्याचे वर्ग घेता येतील. एका ब्लॉकपेक्षा दुसरा किती सरस, यावर आणखी एक प्रबंध लिहिण्याआधी जिल्ह्यातल्या किती रुग्णांना कोणताच ब्लॉक मिळत नाही, हे मोजले तर त्याचा उपयोग जास्त होईल.

रुग्णाच्या घरच्यांनाही एक काम आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना खर्च किती, टाके कधी काढणार, घरी कधी सोडणार, हे सगळे विचारले जाते. त्यात आणखी एक प्रश्न घालावा : ‘दुखू नये म्हणून पहिल्या रात्री काय देणार?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि रात्री दुखले तर बाईने ‘बरं आहे’ म्हणू नये. किती दुखते ते सांगावे आणि तक्त्यावर लिहायला लावावे.